कोणत्या फोल्डरात ठेवू?

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाला इ. स. १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे आठवतात. आज मी ज्या सुरतेविषयी बोलणार आहे ती मात्र बखरींतील सुरत नव्हे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने आलेली आणि तेथेच स्थायिक झालेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांची ही सुरत. त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून शिकली, यंत्रमागावर गेली, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत गेली; आणि आता त्यांतील कित्येकजण संगणकासमोर बसतात. साडीच्या काठावरची वेलबुट्टी हल्ली पडद्यावर आखली जाते, आणि ती आखणारा हात पुष्कळदा खानदेशातला असतो.

अशी आखलेली नक्षी म्हणजे अखेर संगणकातील एक फाइल. भरतकामाच्या यंत्राला फुलाचे सौंदर्य कळत नाही. सुई कोणत्या बाजूला किती सरकवावयाची, टाका कोठे घालावयाचा, रंग कोठे बदलावयाचा, इतकेच त्याला समजते. ताजिमा या जपानी कंपनीच्या यंत्रांमुळे रूढ झालेली आणि आज बहुतेक यंत्रांना वाचता येणारी ‘डी. एस. टी.’ जातीची फाइल घ्या. तीत दोऱ्याचा रंग लाल की हिरवा हेसुद्धा लिहिलेले नसते. येथे रंग बदलावा एवढीच खूण असते. मग हे डिझाइन कोणत्या पार्टीचे, कोणत्या मालाचे, जुने की सुधारलेले, हे कारागिराने ओळखावयाचे कशावरून? फाइलीच्या नावावरून, आणि ती ज्या फोल्डरात ठेवली आहे त्या फोल्डरावरून. फोल्डर चुकले की पार्टी चुकते, आणि पार्टी चुकली की एका व्यापाऱ्याचे फूल दुसऱ्या व्यापाऱ्याच्या साडीवर उमटते. एकदा सुई कापडातून गेली की ते फूल पुसता येत नाही.

फोल्डर हा शब्द नवा असला तरी वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत आणि त्या बासनांना रुमाल म्हणतात. ‘दप्तर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत चामडे या अर्थाच्या शब्दात आहे. आपली मुले शाळेत जाताना तोच शब्द पाठीवर घेऊन जातात, ही एक गंमत. कागद, रुमाल, दप्तर अशी एकात एक बसणारी व्यवस्था कारकुनाच्या अंगवळणी पडलेली होती. संगणकात ती पुढे आली. घरगुती संगणकावर १९८३ साली डॉस या प्रणालीची दुसरी आवृत्ती येईपर्यंत एका तबकडीवरील सर्व फायली एकाच रांगेत उभ्या असत. दरम्यान १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक विक्रीस आणला आणि त्याच्या पडद्यावर मेज, कागद, फोल्डर अशी कचेरीची चित्रेच मांडली. चित्र पाहून माणसाला उमगते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

रुमालात आणि फोल्डरात एक मोठा फरक मात्र आहे. रुमाल बांधणारा कारकून आणि तो सोडणारा कारकून एकाच दालनात बसत. ‘हा कागद कोठे ठेवू?’ हा प्रश्न माणूस माणसाला तोंडाने विचारी. संगणकावर तो प्रश्न प्रोग्रॅम विचारतो. प्रोग्रॅम लिहिणारा त्या वेळी तेथे नसतो. तो आपला प्रश्न आधी लिहून ठेवून निघून गेलेला असतो. तो प्रश्न नीट लिहिला नाही, किंवा मुळी विचारलाच नाही, तर काय होते ते मी स्वतः केलेल्या अपराधावरूनच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका लहान जॉबवर्कच्या कारखान्यासाठी मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला होता. दिवसभरात तयार झालेली डिझाइने पार्टीच्या नावाने व क्रमांकाने लावून ठेवावयाची, एवढेच त्याचे काम. वापरणाऱ्याला उगाच त्रास नको, अशा उदार बुद्धीने मी त्याला काही विचारलेच नाही. प्रोग्रॅम ज्या जागी बसविला होता त्याच जागी, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डराच्या पोटात, सर्व डिझाइने जातील अशी योजना करून मी मोकळा झालो.

कारखान्यात दोन पाळ्या चालत. संगणक एकच, पण दिवसपाळीचा मुलगा आपल्या नावाने उघडी आणि रात्रपाळीचा आपल्या. एके रात्री रात्रपाळीवाल्याला दिवसा तयार झालेली डिझाइने सापडेनात. यंत्र बंद पडून राहिले. सकाळी शेठने दिवसपाळीच्या मुलाला धारेवर धरले. काम न करताच निघून गेलास, आता या खाड्याचे पैसे तुझ्या पगारातून कापतो, असे त्याला सुनावले. मुलगा अमळनेरकडचा, स्वभावाने भिडस्त. त्याने मला फोन केला. “भाऊ, मी डिझाइनं ठेवली होती हो. माझ्या डोळ्यांदेखत ठेवली होती. आता मला दिसताहेत, पण त्याला दिसत नाहीत.”

हे वाक्य ऐकून मला प्रथम त्या मुलाचाच संशय आला, हे कबूल केले पाहिजे. एकच फोल्डर, एकच संगणक. एकाला फाइल दिसावी आणि दुसऱ्याला दिसू नये हे कसे? पण मुलगा अक्षरशः खरे बोलत होता. विंडोजची ‘व्हिस्टा’ ही आवृत्ती आल्यापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये सामान्य प्रोग्रॅमला काही लिहिण्याची मुभा राहिलेली नाही. तथापि माझ्यासारख्यांनी जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम एकाएकी बंद पडू नयेत म्हणून विंडोज एक युक्ती करते. ती लिहू देते, पण लिहिलेले निमूटपणे दुसरीकडे, त्या त्या वापरणाऱ्याच्या खाजगी व सहसा दृष्टीस न पडणाऱ्या फोल्डरात नेऊन ठेवते. आणि पुन्हा तोच वापरणारा आला की ते जणू मूळ जागीच आहे असे त्याला भासविते. दिवसपाळीच्या फायली दिवसपाळीच्या खात्यात राहिल्या, रात्रपाळीच्या रात्रपाळीच्या. डिझाइने हरवली नव्हती. पण जेथे ती असल्याचे संगणक सांगत होता तेथे ती नव्हतीच. मी जाऊन ती बाहेर काढली आणि शेठला सर्व समजावून सांगितले. मुलाचा पगार कापला गेला नाही. माझी अब्रू मात्र थोडी गेली, आणि ती जाणे योग्यच होते.

श्रोतेहो, ‘वापरणाऱ्याला त्रास नको’ हा विचार वरून दयाळू दिसतो; पण फायली ज्याच्या आहेत त्यालाच न विचारता त्यांची जागा ठरविणे हा अधिकार मला कोणी दिला होता? तेव्हा मी प्रश्न विचारावयाचे ठरविले. आणि येथून पुढे मला कळू लागले की हा प्रश्न विचारणे हे न विचारण्यापेक्षाही अवघड काम आहे.

फोल्डर निवडण्याची खिडकी प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः घडवावयाची नसते. ती विंडोजनेच तयार करून दिलेली असते, आपण फक्त तिला हाक मारावयाची. १९९५ च्या विंडोजबरोबर अशी पहिली खिडकी आली. आकाराने लहान, ती ओढून मोठी करता येत नसे. आत संगणकातील सर्व फोल्डरे झाडाच्या फांद्यांप्रमाणे मांडलेली. अधिक चिन्हावर टिचकी मारावी, फांदी उघडावी, पुन्हा टिचकी मारावी. नवे फोल्डर तेथल्या तेथे बनविण्याचे बटणही आरंभी नव्हते. ते पुढल्या सुधारणेत आले. दोनशे पार्ट्यांची दोनशे फोल्डरे असलेल्या माणसाने त्या चिमुकल्या खिडकीतून खाली घरंगळत जावे, आणि हात जरा हलला की शेजारच्या पार्टीवर टिचकी पडावी, असे ते साधन होते.

व्हिस्टापासून विंडोजने एक प्रशस्त खिडकी उपलब्ध करून दिली. फाइल उघडण्याची जी खिडकी सर्वांच्या ओळखीची आहे, तिलाच ‘मला फाइल नको, फोल्डर हवे’ असे सांगण्याची सोय झाली. पत्ता टंकित करता येतो, शोध घेता येतो, नेहमीच्या जागा डावीकडे हजर असतात. असे असूनही कितीतरी प्रोग्रॅम पुढे वर्षानुवर्षे ते जुने झाडच दाखवीत राहिले. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ च्या अखेरीस खिडक्या व बटणे रचण्यासाठी ‘डब्ल्यू. पी. एफ.’ नावाचे नवे साहित्य प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाती दिले. त्यात नाना प्रकारची शोभा होती. पण फोल्डर निवडण्याची खिडकी नव्हती! ती त्यात आली २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, ‘डॉट नेट’च्या आठव्या आवृत्तीबरोबर. मधली सतरा वर्षे जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी उसनवारीवर काढली. कोणी जुन्या साहित्यातील झाड आणून बसविले. कोणी फाइल उघडण्याची खिडकीच उघडून तीत एक खोटे फाइलनाम भरून ठेवले आणि वापरणाऱ्याने ‘उघडा’ म्हटले की ते खोटे नाव छाटून उरलेला पत्ता घेतला. ही लबाडी मीही केलेली आहे. घर बांधणाऱ्याने दिवाणखान्यात झुंबरे लावावीत आणि जिना करावयाचे विसरून जावे, त्यातला हा प्रकार.

मी माझ्या प्रोग्रॅमला ही नवी, प्रशस्त खिडकी लावली आणि कृतकृत्य झालो. चौथ्याच दिवशी पुन्हा फोन. “भाऊ, ह्या वेळी खरंच गेली. फोल्डर उघडतो तर आत काहीच नाही.”

मी जाऊन पाहिले. डिझाइने जागच्या जागी होती. पण फोल्डर निवडण्याच्या या खिडकीत फक्त फोल्डरेच दिसतात. त्यांच्या पोटातील फायली विंडोज दाखवीत नाही. मुलगा आपल्या पार्टीच्या फोल्डरात शिरला, आणि येथे काही आढळले नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्याला दिसली. त्याने तिचा जो अर्थ घेतला तोच कोणताही शहाणा माणूस घेईल. खिडकीच्या दृष्टीने ते विधान बरोबर आहे, कारण तिला फोल्डरांपुरतेच पाहावयास सांगितलेले असते. पण ज्याची रोजी त्या फायलींवर आहे त्याला ते वाक्य म्हणजे घरी चोरी झाल्याची वर्दी वाटते. मॅकिंटॉशवर अशा वेळी फायली फिकट रंगात दिसतात. निवडता येत नाहीत, पण आहेत एवढा दिलासा राहतो. विंडोजवर तो दिलासा आपणच द्यावा लागतो. मी खिडकीच्या माथ्यावरील ‘फोल्डर निवडा’ ही कोरडी आज्ञा काढली आणि ‘डिझाइने कोणत्या फोल्डरात ठेवावयाची? (आतील फायली येथे दिसणार नाहीत)’ असे मराठीत लिहिले. शिवाय फोल्डर निवडल्यावर ‘या फोल्डरात इतकी डिझाइने आहेत’ असा आकडा प्रोग्रॅमच्या मुख्य पडद्यावर येईल असे केले. त्या आकड्याने जे काम केले ते कोणत्याही सूचनेने झाले नसते. आकडा पाहूनच मुले ओळखू लागली की आपण बरोबर ठिकाणी आहोत की शेजारी.

नकाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रत्येक खिडकीवर ‘रद्द’ म्हणण्याचे बटण असते. माणसाने ते दाबले तर प्रोग्रॅमने काय समजावे? ‘त्याला आता हे काम करावयाचे नाही’ एवढेच, आणि गुपचूप मागे फिरावे. परंतु घाईत लिहिलेल्या कितीतरी प्रोग्रॅमांत हा विचारच केलेला नसतो. रद्द म्हटले की बहुधा फोल्डराच्या पत्त्याऐवजी रिकामे उत्तर हाती येते. त्या रिकाम्या उत्तरापुढे तिरपी रेघ आणि फाइलीचे नाव जोडले की तयार होणारा पत्ता सरळ ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन भिडतो. फाइल ठेवावयाची असेल तर ती भलतीकडे पडते. जुन्या फायली पुसावयाच्या असतील तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. माझ्या प्रोग्रॅममध्ये पेनड्राइव्हवरील जुनी डिझाइने साफ करण्याची सोय होती, आणि ही चूक मला वेळीच दिसली ती केवळ सुदैवाने. माणसाच्या ‘नाही’चा अर्थ ‘कोठेही चालेल’ असा लावणारा नोकर आपण घरात ठेवू काय?

सुरतेसारख्या शहरात आणखी एक अडचण आहे आणि ती भाषेची आहे. शेठ गुजराती लिहितात, कारागीर मराठी किंवा हिंदी, आणि पुष्कळशा प्रोग्रॅमांचा जन्म झाला इंग्रजीत. शेठने मोठ्या हौसेने एका फोल्डराला गुजराती लिपीत नाव दिले, की काही जुने प्रोग्रॅम ते निवडताच ‘असे फोल्डर नाही’ म्हणून हटून बसतात. समोर दिसत असलेले फोल्डर नाही कसे? जुन्या पद्धतीत एका वेळी एकाच लहानशा वर्णमालेचा संच संगणकाजवळ असे आणि विंडोजच्या त्या जुन्या संचांत देवनागरीला किंवा गुजरातीला जागाच नव्हती. या लिप्या विंडोजवर आल्या त्या सर्व भाषांना सामावणाऱ्या युनिकोडच्या वाटेने. जुन्या वाटेने विचारणा करणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती म्हणून नावाऐवजी नुसत्या प्रश्नचिन्हांची माळ येते. विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह कोणत्याही फोल्डराच्या नावात वापरता येत नाही, मग त्या नावाचे फोल्डर सापडणार कोठून! वापरणाऱ्याने आपल्या लिपीत नाव लिहिले हा काही त्याचा अपराध नव्हे. पण उपदेश त्यालाच ऐकावा लागतो, की बाबा, नावे इंग्रजीतच देत जा.

किरकोळ म्हणून सोडून द्याव्यात अशा गोष्टीही प्रत्यक्षात किरकोळ ठरत नाहीत. प्रश्नाची खिडकी ही कोणत्या खिडकीची लेक आहे हे सांगितले नाही, तर ती कधी कधी मुख्य खिडकीच्या मागे जाऊन उभी राहते. समोरचा पडदा टिचक्यांना दाद देत नाही, आणि कारागीर संगणक बिघडला म्हणून त्याचे बटणच बंद करतो. काल निवडलेले फोल्डर प्रोग्रॅमने आज आठवणीत ठेवले नाही, तर तोच जिना रोज चढावा लागतो. उलट, काल निवडलेले फोल्डर पेनड्राइव्हवर असेल, आणि आज तोच पेनड्राइव्ह ‘ई’ऐवजी ‘एफ’ या अक्षराने लागला असेल, तर आठवण असूनही ती फसवी निघते. म्हणून आठवण ठेवावी, पण काम सुरू करण्यापूर्वी ते फोल्डर खरोखरी तेथे आहे की नाही आणि त्यात लिहिता येते की नाही, हे दर वेळी पडताळून पाहावे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. ते दिवस तेथील माणसे विसरलेली नाहीत. तळमजल्यावरचे कापड भिजले, यंत्रे भिजली, संगणकही भिजले. कापड पुन्हा विणता येते. पण एका तबकडीवर साठलेली कित्येक वर्षांची डिझाइने त्या तबकडीबरोबरच गेली तर ती कोठून आणावयाची? हल्ली काही प्रोग्रॅम ‘दुसरी प्रत कोणत्या फोल्डरात ठेवू?’ असे विचारतात. माणूस साहजिकच डोळ्यांसमोर असलेले फोल्डर दाखवितो, आणि ते पुष्कळदा त्याच संगणकाच्या त्याच तबकडीवर असते. मूळ आणि प्रत एकाच घरात, एकाच पाण्यात. वस्तुतः दोन्ही फोल्डरांच्या पत्त्यांचे पहिले अक्षर ताडून पाहणे प्रोग्रॅमला क्षणाचेही काम नाही. ते एकच निघाले तर ‘ही प्रत मूळ फायलींच्या शेजारीच राहील, पेनड्राइव्ह किंवा दुसरा संगणक निवडता काय?’ असे त्याने विचारावे. अक्षरे वेगळी असली तरी तबकडी एकच असू शकते, म्हणून ही तपासणी पुरी नव्हे. पण तेवढीही न करणारे प्रोग्रॅम मी पुष्कळ पाहिले आहेत.

माझ्या त्या प्रोग्रॅमची हकिकत अर्धीच राहिली. एवढे सर्व केल्यावर मी एक दिवस कारखान्यात जाऊन दिवसपाळीच्या त्या मुलाच्या शेजारी नुसता बसून राहिलो. तो खिडकी उघडी, फांद्या उलगडी, ओठांतल्या ओठांत पार्टीचे नाव पुटपुटे, मग टिचकी मारी. मी विचारले, “अजून काही अडतं का?” तो जरा संकोचला. म्हणाला, “राग मानू नका भाऊ. पण हा आम्हाला फोल्डर का विचारतो? आम्हाला फोल्डर कुठं माहीत असतं? त्यानं पार्टी विचारावी. फोल्डर त्याचं त्यानं बघावं.”

आता त्या प्रोग्रॅममध्ये सकाळी पार्ट्यांच्या नावांची यादी येते. मुलगा नावावर टिचकी मारतो, शेजारी डिझाइनांचा आकडा दिसतो आणि काम सुरू होते. फोल्डर निवडण्याची खिडकी अजून आहे. पण ती उघडते नवी पार्टी आली तेव्हाच, महिन्यातून दोनचार वेळा, आणि त्या वेळी शेठ स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसतात.